कुलवृत्तांतांत न लिहिलेला वारसा

वऱ्हाडांतील ब्राह्मण घरांत लग्न ठरूं लागलें, कीं चौकशीची एक ठराविक वाट असते. प्रथम शाखा, मग गोत्र, मग पत्रिका. पत्रिकेंत नाडी, गण आणि मंगळ. आणि हें सर्व जुळलें म्हणजे मुलाची नोकरी व मुलीचें शिक्षण. कुटुंब माध्यंदिन असल्यास आजोळचें गोत्रही विचारलें जातें, कारण मातुल गोत्रांत सोयरीक करावयाची नाहीं असा त्यांचा परंपरागत निर्बंध आहे. इतक्या बारकाईनें चौकशी करणाऱ्या समाजास वंशाची काळजी नाहीं असें कोण म्हणेल? तथापि आमचें म्हणणें असें आहे कीं, या सगळ्या चौकशींत वंशास जें खरोखर बाधूं शकतें, नेमकें तेंच विचारावयाचें राहून जातें. वधूवरांच्या रक्तांतून पुढच्या पिढीस कोणता रोग जाण्याचा संभव आहे, हा प्रश्न अजूनही फार थोड्या घरीं निघतो.

आणि कोणीं तो काढलाच, तर "आमच्याकडे तसलें कांहीं नाहीं" एवढ्या उत्तरानें तो मिटविला जातो. या उत्तरांत असत्य सांगण्याचा हेतु नसतो. उत्तर देणाऱ्यास बहुधा कांहीं ठाऊकच नसतें. पूर्वज कोठून आले, कोणत्या गांवीं वतन होतें, कोणीं कोणतें देऊळ बांधलें, हें सारें आमच्या कुलवृत्तांतांतून छापलेलें असतें. परंतु पणजोबा कशानें गेले, किंवा आत्याचीं दोन मुलें वर्षाच्या आंतच कां गेलीं, याची नोंद त्यांत सहसा सांपडत नाहीं. म्हणून रोगांच्या वारशाचा थोडा सांगोपांग विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे. हा वारसा सर्व समाजांत सारखा नाहीं, हें खरें. परंतु तो कोणत्याही समाजास सोडीत नाहीं, हेंही तितकेंच खरें. या दोहोंपैकीं दुसरी गोष्ट सुशिक्षित घरांनीं अधिक लक्षांत ठेवावयास हवी.

खोटें भय आणि खरें भय

एक काळ असा होता कीं, कुष्ठ कुळांत चालतें अशा समजुतीनें सबंध घराण्याशीं सोयरिकी बंद पडत. १८७३ मध्यें नॉर्वेंतील हान्सेन यांनीं त्या रोगाचा जंतु दाखविला, तरी ही समजूत लवकर गेली नाहीं. अमरावतीस तपोवनांत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं कुष्ठरोग्यांची वसाहत उभारून त्यांस कामधंद्यास लावलें व माणूस म्हणून त्यांचा मान राखला; अशा कार्यामुळें ती भीति हळूहळू ओसरूं लागली. म्हणजे जो रोग जन्मतः रक्तांतून येत नव्हता, त्यासाठीं आम्हीं कुळेंच्या कुळें वाळींत टाकिलीं. आणि जे रोग खरोखर आई-बापांच्या रक्तांतून येतात, त्यांची साधी विचारपूसही केली नाहीं. अज्ञानाचें भय नेहमींच असें आंधळें असतें. तें चुकीच्या दारीं जाऊन बसतें.

वऱ्हाडांत खऱ्या आनुवंशिक रोगांचें नांव घ्यावयाचें, तर प्रथम सिकलसेलचें घ्यावें लागतें. हा इंग्रजी शब्द आतां मेळघाटांतल्या गांवांतही लोकांच्या तोंडीं बसला आहे. सिकल म्हणजे विळा. निरोगी रक्तांतील तांबड्या पेशी वाटोळ्या, मऊ व लवचिक असतात. केसाहूनही बारीक अशा वाहिन्यांतून त्या अंग चोरून निघून जातात. त्यांतील हिमोग्लोबिन हें द्रव्य फुप्फुसांतून प्राणवायु घेऊन सर्व शरीरास पोंचवितें. हें द्रव्य म्हणजे मण्यांच्या चार माळांची एक जुडी आहे असें समजावें. त्यांपैकीं बीटा नांवाच्या माळेंत १४६ मणी असतात. त्यांतला सहावा मणी तेवढा बदलला, म्हणजे ग्लुटामिक आम्लाच्या जागीं व्हॅलीन आलें, कीं एवढ्यानेंच सगळा अनर्थ होतो. असें हिमोग्लोबिन प्राणवायु देऊन मोकळें झालें, कीं पेशीच्या आंत दोऱ्यांसारखें गोठतें. पेशी ताठ व वांकडी होऊन विळ्यासारखी दिसूं लागते आणि बारीक वाहिनींत अडकून पडते. ज्या अवयवाचें रक्त असें तुंबतें, तेथें असह्य वेदना उठतात. निरोगी पेशी सुमारें १२० दिवस टिकते. ही पेशी दहा ते वीस दिवसांतच मोडते. म्हणून रोगी सदा फिका व थकलेला दिसतो आणि त्याच्या डोळ्यांत पिवळेपणा असतो.

हा रोग १९१० मध्यें शिकागो येथील डॉ. हेरिक यांनीं प्रथम वर्णिला. त्यांचा रोगी वेस्ट इंडीजमधून शिकावयास आलेला एक तरुण होता. पुढें कित्येक वर्षें हा केवळ आफ्रिकी वंशाचा रोग आहे असें मानीत. १९४९ मध्यें लायनस पाउलिंग व त्यांचे सहकारी यांनीं हा हिमोग्लोबिनच्या रेणूंतील दोष आहे असें दाखविलें. एखाद्या रोगाचें मूळ एका रेणूपर्यंत जाऊन पोंचल्याचें हें पहिलेंच उदाहरण होय. त्यानंतर थोड्याच वर्षांत व्हर्नन इन्ग्रम यांनीं तो बदललेला मणीही शोधून काढिला. १९५२ मध्यें लेहमन व कटबुश यांस निलगिरीच्या डोंगरांतील जमातींत हा दोष आढळला, तेव्हां हिंदुस्थानही यांतून मोकळा नाहीं हें जगास कळलें. आणि १९५८ मध्यें शुक्ल व सोळंकी या संशोधकांनीं नागपूरकडील लोकांत तो असल्याचें प्रसिद्ध केलें. विदर्भाच्या मातींत शतकानुशतकें राहत आलेल्या रोगास त्याचें नांव मिळावयास एवढा काळ लागला.

मेळघाटापासून सपाटीपर्यंत

आज या रोगाचा विस्तार पुष्कळसा माहीत झाला आहे. अमरावती जिल्ह्यांतील धारणी व चिखलदरा हे तालुके म्हणजे मेळघाट. तेथें कोरकू, गोंड इत्यादि समाज राहतात. त्यांच्यांत हा रोग आहे. सातपुडा उतरून अकोला-अमरावतीच्या काळ्या जमिनींत आलें, तर पूर्वाश्रमीच्या महार व आतांच्या बौद्ध समाजांत तो बराच आढळतो. कुणबी, तेली अशा समाजांतही कमी प्रमाणांत सांपडतो. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनीं महाराष्ट्रांतील आदिवासींत वर्षानुवर्षें हिंडून रक्त तपासलें. भिल्ल, पावरा, माडिया, परधान, ओतकर अशा कांहीं जमातींत शेंकडा वीस ते पस्तीस माणसें या दोषाचीं वाहक असल्याचें त्यांच्या पाहणींत दिसून आलें.

हिंदुस्थानांतील सिकलसेल आफ्रिकेंतील सिकलसेलहून सौम्य असतो असें पुस्तकांतून लिहिलेलें आढळतें, आणि त्यास कारणही आहे. आमच्या देशांतील व पूर्व अरबस्तानांतील रोग्यांत गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन मोठेपणींही अधिक प्रमाणांत टिकून राहतें, आणि तें पेशीस विळा होऊं देत नाहीं. तथापि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत नवजात अर्भकें तपासून त्यांचा पाठपुरावा करण्यांत आला, तेव्हां विदर्भांतील कित्येक मुलांस रोग चांगलाच तीव्र होतो असें दिसून आलें. म्हणून सौम्य या शब्दावर कोणीं विसंबूं नये.

बाळ जन्मतः सुदृढ दिसतें, कारण तें गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन कांहीं महिने त्याचें रक्षण करितें. सहावा महिना उलटला, कीं कित्येकदां हातापायांचे पंजे सुजून बाळ रडूं लागतें. पुढें ताप येतो, डाव्या कुशींत प्लीहा वाढून पोट मोठें दिसतें, फुप्फुसाचा दाह होतो. मेळघाटांत असें पोट फुगलेलें पाहिलें, कीं तापविलेल्या लोखंडानें बाळाच्या पोटावर डाग देण्याची चाल आहे. तीस तेथें डंबा म्हणतात. मुलाच्या रक्तांत काय चाललें आहे हें आईस कोणीं सांगितलेलें नसतें, आणि उपाय म्हणून त्या कोंवळ्या कातडीवर चटके बसतात. ही चाल ऐकून शहरांतल्या वाचकांच्या अंगावर कांटा उभा राहील. परंतु हांतरुणास खिळलेल्या सुनेस "पांढऱ्या पायाची" म्हणणारीं आणि तिच्या दुखण्यास ढोंग समजणारीं घरें सपाटीवरही आहेत. डाग तेथेंही बसतो, मात्र तो दिसत नाहीं.

वऱ्हाडचा उन्हाळा या रोगाचा मोठा वैरी आहे. अकोल्यास वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. अंगांतील पाणी कमी झालें, कीं रक्त घट्ट होतें व वेदनेचा झटका येतो. तसाच चिखलदऱ्याकडील थंडीचा कडाका, तसाच अतिश्रम, तसाच साधा ताप. म्हणून अशा मुलास शाळेंत पाण्याचा तांब्या जवळ ठेवूं देणें, त्यास उन्हांत उभें न करणें, थंडींत ऊबदार कपडा देणें, हे उपचार औषधाइतकेच मोलाचे होत. आमच्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत. वर्गांतील एखादें पोर वारंवार "हाडें दुखतात" म्हणून घरीं राहत असेल, तर त्यास आळशी ठरविण्यापूर्वीं त्याचें रक्त तपासलें आहे काय, एवढें तरी त्यांनीं विचारावें.

वाहक म्हणजे रोगी नव्हे

आतां हा वारसा चालतो कसा तें पाहूं. प्रत्येक माणसास हिमोग्लोबिनच्या बीटा माळेची आज्ञा दोन प्रतींत मिळते. एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही प्रतींत विळ्याचा दोष असेल तर माणूस रोगी. एकाच प्रतींत असेल तर तो वाहक. तो सर्वसाधारणपणें धडधाकट असतो, शेती करितो, नोकरी करितो, म्हातारा होतो, आणि आपल्या अंगीं कांहीं आहे याची त्यास वार्ताही नसते. वाहकाचें लग्न निर्दोष माणसाशीं झालें, तर एकही मूल रोगी होत नाहीं. फक्त प्रत्येक मुलास वाहक होण्याचा अर्धा संभव असतो. दोघेही वाहक असले, तर मात्र प्रत्येक गर्भारपणीं चारांत एक संभव मूल रोगी होण्याचा, चारांत दोन वाहक होण्याचा व चारांत एक अगदीं निर्दोष होण्याचा असतो.

येथें एक चूक फार वेळां होते. पहिलें मूल रोगी झालें, आतां पुढचीं तीन सुरक्षित, असें लोक समजतात. तसें मुळींच नाहीं. कवडी प्रत्येक दानास नव्यानें पडते. मागच्या दानाची ती आठवण ठेवीत नाहीं. दुसरी चूक म्हणजे दोष नेहमीं सुनेच्या माथीं मारणें. मूल रोगी झालें याचा अर्थच दोष दोन्ही घरांतून आला आहे. सासूनें ज्या नातवासाठीं सुनेस बोल लावावा, त्याच्या रक्तांतील निम्मा वांटा तिच्या स्वतःच्या मुलानें दिलेला असतो.

मग इतका घातक दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा? या प्रश्नाचें उत्तर डासांनीं दिलें आहे. १९५४ मध्यें ॲलिसन या शास्त्रज्ञानें पूर्व आफ्रिकेंतील अभ्यासावरून असें दाखविलें कीं, जेथें हिंवतापाचा जोर आहे, तेथें सिकलसेलच्या वाहकांस त्या तापापासून बरेंच संरक्षण मिळतें. हिंवतापानें निर्दोष मुलें मरत, सिकलसेलनें रोगी मुलें मरत, आणि मधलीं वाहक मुलें वांचून वंश चालवीत. म्हणून हा दोष आफ्रिकेंत वाढला, ग्रीस व सिसिलीच्या दलदलींच्या आसपास वाढला, अरबस्तानांत वाढला, आणि हिंदुस्थानांत ज्या रानावनांत व गांवकुसाबाहेरच्या वस्त्यांत डास अधिक, तेथेंही वाढला. तो कोणत्याही जातीच्या हीनत्वाची खूण नाहीं. उलट, ज्या पूर्वजांनीं हिंवतापास तोंड देऊन पिढ्या तारल्या, त्यांच्या झुंजीची ती किंमत आहे. पुढें बेटीव्यवहाराच्या भिंतींनीं तो दोष त्या त्या समाजांतच कोंडून धरला, एवढेंच.

गोत्र काय सांगतें, काय सांगत नाहीं

येथपर्यंत वाचून आमच्या कांहीं वाचकांस हायसें वाटलें असेल, कीं हें सारें दुसऱ्यांचें आहे. त्यांचा हा समज आम्हांस राहूं द्यावयाचा नाहीं. ज्या भिंतींनीं सिकलसेल कोंडला, त्याच भिंती आमच्याही भोंवतीं आहेत. हैदराबादच्या पेशी व रेणु जीवशास्त्र केंद्रांतील डॉ. थंगराज व अमेरिकेंतील त्यांचे सहकारी यांनीं २०१७ मध्यें दक्षिण आशियांतील २६३ समाजांच्या वारशाची छाननी प्रसिद्ध केली. त्यांपैकीं ८१ समाज असे निघाले, कीं ते थोड्याच मूळ पुरुषांपासून वाढले असून त्यांच्या वारशांतील सारखेपणा फिनलंडच्या लोकांहून व मध्य युरोपांतील यहुद्यांहूनही अधिक होता. अशा प्रत्येक समाजाचा आपापला रोग असतो. आंध्रांतील वैश्य समाजांत कित्येकांच्या रक्तांत एक विशिष्ट द्रव्य कमी असतें. शस्त्रक्रियेच्या वेळीं भूल देतांना एक विशिष्ट औषध टोंचलें, तर त्यांचे स्नायु फार वेळ लुळे पडतात. अग्रवाल समाजांत बालकांचें डोकें प्रमाणाबाहेर वाढविणारा मेंदूचा एक विकार आढळतो. १९४७ नंतर अमरावती व अकोला येथें येऊन वसलेल्या सिंधी समाजांत थॅलसीमियाचे वाहक अधिक असतात. आणि एका बाजूस थॅलसीमिया व दुसऱ्या बाजूस सिकलसेल असा योग आला, तरी मूल रोगी होतें. इतकेंच काय, २००९ मध्यें हृदयाच्या स्नायूस दुबळें करण्याशीं संबंध असलेला एक आनुवंशिक फरक सांपडला. तो हिंदुस्थानांत शेंकडा सुमारें चार माणसांत, बहुतेक सर्व जातींत आहे. आमच्यांत कांहीं नाहीं, असें म्हणण्याचा अधिकार कोणासच उरलेला नाहीं.

मग गोत्र, सापिंड्य, नाडी यांनीं आमचें रक्षण होत नाहीं काय? थोडेंसें होतें. सख्ख्या मामेबहिणीशीं लग्न झालें, तर वधूवरांत सरासरीनें एक अष्टमांश वारसा समान असतो, आणि गुप्त दोष दोहोंकडून एकत्र येण्याचा धोका वाढतो. कांहीं देशस्थ घरांत ही सोयरीक चालत आली आहे. ज्यांनीं ती वर्ज्य केली, त्यांनीं तेवढा धोका टाळिला. परंतु गोत्राची मर्यादा ओळखावयास हवी. सात पिढ्या मागें गेलें, तर त्या पायरीवर प्रत्येक माणसाचे १२८ पूर्वज उभे असतात. त्यांतील गोत्र देणारा एकच. उरलेल्या १२७ जणांविषयीं गोत्र मुकें आहे. गोत्रें निराळीं असलीं, तरी दोन्ही घरांच्या आजा-पणज्या एकाच लहानशा पोटजातींतून आलेल्या असूं शकतात. एकनाडीविषयीं तर अलीकडे असें सांगतात कीं, एकनाड म्हणजे एकच रक्तगट, आणि म्हणून संततीस बाध. यास कांहीं आधार नाहीं. नवराबायकोचा रक्तगट एक असल्यानें मुलांस अपाय होत नाहीं. आईचा ऱ्हीसस गट ऋण व बापाचा धन असेल, तर मात्र प्रसूतीच्या सुमारास एक टोंचणी द्यावी लागते, आणि ती पत्रिकेवरून कळत नाहीं, रक्त तपासूनच कळते.

उतारवयाचा वारसा

आतांपर्यंत सांगितलेले बरेचसे दोष एकाच जनुकाचे. परंतु वारशाची आणखी एक रीत आहे. तींत एकच मोठा दोष नसून शेंकडों बारीक फरक मिळून धोका वाढवितात. पुरुषांच्या पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा, कर्करोग हें याचें उत्तम उदाहरण. उत्तर युरोपांतील हजारों जुळ्यांच्या अभ्यासावरून २०१६ मध्यें असें अनुमान निघालें कीं, या रोगाच्या धोक्यांत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यांपैकीं शेंकडा ५७ वांटा वारशाचा आहे. २०२१ मध्यें सव्वादोन लाखांवर पुरुषांच्या तपासणींतून अशा २६९ बारीक फरकांची यादी झाली. त्या हिशेबानें आफ्रिकी वंशाच्या पुरुषांचा आनुवंशिक धोका युरोपी पुरुषांच्या दुपटीहून थोडा अधिक, आणि पूर्व आशियांतील पुरुषांचा पाऊणपट. अमेरिकेंत कृष्णवर्णीय पुरुष या रोगानें गोऱ्यांच्या दुपटीनें मरतात; मात्र तें केवळ रक्तामुळें नव्हे, तर वेळेवर वैद्य न मिळाल्यामुळेंही होय.

या यादींत युरोपी, आफ्रिकी, पूर्व आशियाई व लॅटिन अमेरिकेंतील पुरुष होते, आमचे नव्हते. म्हणून त्या मोजपट्टीनें अमरावतीच्या गृहस्थाचा धोका मापतां येत नाहीं. त्याच्यापाशीं दुसरी मोजपट्टी आहे, आणि ती घरांतच आहे: बापास किंवा भावास हा रोग झाला होता काय? झाला असेल, तर धोका सुमारें दुप्पट होतो, आणि पंचेचाळिशीच्या सुमारासच डॉक्टरांशीं बोलणें श्रेयस्कर. त्यांतही एक गोष्ट विशेष. बीआरसीए-दोन नांवाच्या जनुकांत दोष असला, तर पुरुषांत प्रोस्टेटचा आणि स्त्रियांत स्तनाचा व अंडाशयाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. आणि हा दोष बापाकडून मुलीसही जातो. म्हणजे मावशीच्या दुखण्याचा भाच्याशीं, आणि आजोबांच्या दुखण्याचा नातीशीं संबंध असूं शकतो. आमच्या घरांतून हीं दोन्ही दुखणीं लाजेखातर लपविलीं जातात. आजोबांस "लघवीचा त्रास" होता, आणि काकूंस "गांठ" होती, एवढ्यावर बोलणें थांबतें. या संकोचाची किंमत कधीं कधीं तिसऱ्या पिढींतील मुलगी आपल्या जिवानें चुकविते.

मग करावें काय?

करावयाचें अवघड नाहीं. लग्न ठरविण्यापूर्वीं, आणि शक्य तर मुलें महाविद्यालयांत असतांनाच, सिकलसेल व थॅलसीमिया यांची तपासणी करून घ्यावी. सिकलसेलची पहिली तपासणी बोटाच्या थेंबभर रक्तानें होते. परंतु ती वाहक व रोगी यांतील भेद सांगत नाहीं, म्हणून दोष दिसल्यास इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी तपासणी अवश्य करावी. सिकलसेलसाठीं अमरावतीचें इर्विन रुग्णालय, धारणीचें उपजिल्हा रुग्णालय, अकोल्याचें शासकीय रुग्णालय अशा सरकारी ठिकाणीं चौकशी करावी. १ जुलै २०२३ रोजीं शहडोल येथें या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोट लोकांचें रक्त तपासणें, आणि २०४७ पर्यंत हा रोग सार्वजनिक चिंतेचा विषय राहूं न देणें, असें तिचें उद्दिष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यांत सिकलसेल व थॅलसीमिया यांच्या रोग्यांचाही समावेश झाला आहे, हें अशा रोग्याच्या कुटुंबास सांगावें; पुष्कळांस तें ठाऊक नसतें.

दोघे वाहक निघाले म्हणून लग्न मोडलेंच पाहिजे, असें आम्ही म्हणत नाहीं. जाणून-समजून लग्न करणारांस गर्भाची तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास करून घेतां येते, आणि पुढचा निर्णय त्या दोघांचा. ज्यांस रोग आहे, त्यांच्यासाठीं फॉलिक आम्लाच्या गोळ्या, बालपणीं पेनिसिलीन व लसी, आणि हायड्रॉक्सियूरिया हें औषध यांनीं आयुष्य पुष्कळ सुसह्य होतें. २०२३ च्या अखेरीस इंग्लंड व अमेरिका येथें जनुकांत फेरफार करणाऱ्या उपचारासही मान्यता मिळाली. त्याचा खर्च अवाढव्य आहे, परंतु ज्या रोगास उपायच नाहीं असें म्हणत, त्यास तो मिळूं लागला, हें कांहीं थोडें नव्हे.

एक इशारा मात्र दिल्यावांचून राहवत नाहीं. तपासणीचा कागद हातीं आला, कीं तो नव्या अस्पृश्यतेचें साधन होऊं नये. वाहक मुलीस नाकारणें, तिच्या घराचें नांव गांवभर करणें, किंवा एखाद्या समाजाकडे बोट दाखवून "त्यांचें रक्तच तसलें" म्हणणें, हें कुष्ठाच्या काळांतील अज्ञानाचेंच नवें रूप होईल. आणि या खेपेस तें सुशिक्षितांच्या हातून घडेल. वाहकास दुसरा निर्दोष जोडीदार मिळाला, कीं प्रश्न मिटला. जातीबाहेर लग्न झालें, तर तोच दोष दोहोंकडून येण्याचा संभव सामान्यतः कमीच होतो; मात्र तेथेंही तपासणी चुकवूं नये.

आणि शेवटीं कुलवृत्तांताची गोष्ट. प्रत्येक घरांत एक वही घालावी. तींत आई व बाप या दोन्ही बाजूंचीं माणसें, लेकी-सुनांसह, ओळीनें लिहावीं. कोणास कोणत्या वयांत कोणता आजार झाला, कोण कशानें गेलें, कोणाचीं मुलें लहानपणीं गेलीं, हें घरांतील वडील माणसें हयात आहेत तोंवर विचारून टिपून ठेवावें. डॉक्टरांपुढें ती वही शंभर तपासण्यांचें काम करील. वंशावळीच्या लांबच लांब पटावर आम्हीं पुरुषांचीं नांवें तेवढीं लिहिलीं, आणि ज्या आजा-पणज्यांकडून निम्मा वारसा आला त्यांस कोरी जागाही दिली नाहीं. ती जागा आतां भरावी. पुढच्या पिढीस तिचा उपयोग होणार आहे.